पैसा कुणाचा आणि कशासाठी

शिकागोच्या हॅल्स्टेड स्ट्रीटवरच्या एका जुन्या वाड्यात जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन मैत्रिणींनी १८८९ मध्ये ‘हल हाउस’ सुरू केलं. आजूबाजूला स्थलांतरित मजुरांची वस्ती. तिथे बालवाडी, रात्रीचे वर्ग, नोकरदार मुलींची राहायची सोय असं करत काम पसरत गेलं. १९३१ मध्ये, ऐन महामंदीत, अ‍ॅडम्सबाईंना शांततेचं नोबेल मिळालं. ती मंदीही संस्थेने पचवली. आणि मग २७ जानेवारी २०१२ च्या शुक्रवारी तिने एकाएकी दार लावलं. मार्चपर्यंत तरी काम चालेल, असं सांगितलेले शेकडो कर्मचारी त्या दिवशी खोकी भरून घरी गेले.

महामंदीला पुरून उरलेली संस्था २००८ च्या मंदीनंतर का कोसळली, हे तिच्या ताळेबंदात दिसतं. सुरुवातीच्या काळात हल हाउस शिकागोतल्या सधन स्नेह्यांच्या देणग्यांवर चालायचं. पुढे सरकारी कामांची कंत्राटं आली, त्यावर माणसं नेमली गेली, आणि अखेरीला पाचातले चार रुपये सरकारकडूनच येऊ लागले. २००१ मध्ये सुमारे ४ कोटी डॉलर असलेलं वार्षिक उत्पन्न दहा वर्षांत २.३ कोटींवर आलं. मंदीत दुकानदाराचं गिऱ्हाईक घटतं. सेवाभावी संस्थेकडे येणारे मात्र मंदीतच वाढतात. घटतो तो त्यांच्यासाठी पैसे मोजणारा. तो एकटाच असेल, तर संस्थेचं भवितव्य त्याच्या एका सहीवर येऊन ठेपतं.

आपल्याकडे सरकारच्या जागी आता बऱ्याच ठिकाणी कंपन्या आल्या आहेत. १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांवर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर, म्हणजे ‘सीएसआर’वर, खर्च करण्याचं बंधन आलं. यातली ‘तीन वर्षांची सरासरी’ फार फसवी. नफा बुडालेल्या वर्षी सीएसआरचा आकडा लगेच पडत नाही, आधीची चांगली वर्षं त्याला तोलून धरतात. संस्थेला वाटतं, आपण सुटलो. झळ पोचते ती नंतर, बाजार सावरल्याच्या बातम्या येत असताना. तेव्हा संस्थेची अडचण कुणाला सांगूनही पटत नाही. शिवाय हा पैसा एका रात्रीत दुसरीकडे वळू शकतो. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्सला दिलेली रक्कम सीएसआरमध्ये धरली जाईल असं ठरलं, आणि छोट्या संस्थांच्या मागण्यांना एक बलाढ्य स्पर्धक उभा राहिला.

मग शिल्लक का टाकत नाहीत? विश्वस्त मंडळात बहुधा एखादे निवृत्त बँक मॅनेजर असतात, ते दर बैठकीत हेच विचारतात. आयकर कायद्याप्रमाणे धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाचे साधारण ८५ टक्के कामावर खर्च करायचे असतात. उरलेले १५ टक्के बाजूला ठेवता येतात. म्हणजे १०० रुपयांतले १५ दरसाल वाचले, तर तीन वर्षांत ४५ रुपये जमतील, आणि वर्षाला ८५ खर्चणारी संस्था त्यावर सहा महिने तग धरेल. कागदावर सोपं आहे. अडतं कुठे, ते एखाद्या प्रकल्पाचं अंदाजपत्रक उघडलं की कळतं. वह्या, प्रशिक्षण, चहा-नाश्ता, फलकावर देणगीदाराचं नाव, सगळ्याला रकाना आहे. ऑफिसचं भाडं, हिशेबनीसाचा पगार, लेखापरीक्षकाची फी यांना नाही. असलाच तर पाच टक्क्यांत कोंबलेला. असा बांधील पैसा शिलकीत टाकता येत नाही, उरला तर परत करावा लागतो. परदेशी देणग्यांतून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादाही सप्टेंबर २०२० मध्ये ५० वरून २० टक्क्यांवर आणली गेली. संस्थेने काटकसर करावी हे ठीक, पण हिशेबनीस नसलेल्या संस्थेकडून चोख हिशेब मागणं हा शुद्ध भाबडेपणा आहे.

कायम निधी हा आपला जुना, आवडता उपाय. मुद्दल ठेवीत टाकायची, व्याजावर काम चालवायचं. पण मंदीत व्याजदरच उतरतात. मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवर आणला. ८ टक्क्यांनी १ कोटीच्या ठेवीवर ८ लाख मिळतात, साडेपाचने साडेपाच. अडीच लाख म्हणजे ग्रामीण भागात दोन कार्यकर्त्यांचं वर्षाचं मानधन. ते नेमकं गरजेच्या वर्षी जातं.

या सगळ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी फार आधी वेगळं उत्तर दिलं होतं. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह उभं राहिलं. त्या पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. दागिने एकदाच मोडता येतात. रोजचं धान्य आलं ते मुष्टिफंडातून. दळण करताना घरच्या बाईने एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची, आणि भरलं की ते वसतिगृहात पोचायचं. मुलंही कमवत आणि शिकत. एक घर थांबलं तरी शंभर घरांची मूठ येत राहायची. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने रयतचं अनुदान रोखलं, गाडगे महाराजांनी शब्द टाकल्यावर ते पुन्हा सुरू झालं. अनुदान थांबलं म्हणून संस्था मिटली नाही, कारण तिची मालकी गावागावांत वाटली गेली होती.

आज मडक्याची जागा मोबाइलने घेतली आहे. दरमहा २०० रुपये आपोआप वळते करणारे ५०० जण मिळाले की महिन्याला १ लाख येतात, आणि त्यातले वीस गळाले तरी ९६,००० उरतात. ‘लोकसत्ता’च्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रमात २०११ पासून दर गणेशोत्सवात काही संस्थांची ओळख छापली जाते आणि वाचक धनादेश पाठवतात; मराठी माणूस छोट्या रकमा देतो, हे त्यातून सिद्ध झालं आहे. पण ५०० जणांना सांभाळणं हे कष्टाचं काम. त्यांना पावती वेळेवर हवी, हिशेब हवा, आणि यंदा एक केंद्र बंद करावं लागलं हेही संस्थेच्याच तोंडून कळायला हवं.

यंदाच्या दिवाळीत एखाद्या संस्थेला रक्कम देणार असाल, तर ‘फक्त वह्यांसाठी’, ‘फक्त इमारतीसाठी’ अशी अट घालू नका. ‘संस्थेच्या कामासाठी’ एवढंच लिहा, आणि जमल्यास तीच रक्कम बारा हप्त्यांत द्या.