कारण सांगू लागलेली गादी

स्वीडनमध्ये १ जानेवारी १९८० रोजी अवघ्या साडेसात महिन्यांच्या एका मुलाचं युवराजपद गेलं. कार्ल फिलिप त्याचं नाव. १३ मे १९७९ रोजी तो जन्मला तेव्हा जुन्या नियमानं तोच गादीचा वारस होता. १९७७ साली जन्मलेल्या थोरल्या बहिणीला, व्हिक्टोरियाला, त्या नियमात जागाच नव्हती. तिथे राज्यघटनेच्या दर्जाचा कायदा बदलायचा तर संसदेला तो दोनदा मंजूर करावा लागतो आणि दोन मंजुऱ्यांच्या मध्ये निवडणूक व्हावी लागते. ‘पहिलं अपत्य वारस, मग मुलगा असो की मुलगी’ हा बदल या वाटेवर असतानाच राजवाड्यात मुलाचा पाळणा हलला. संसद थांबली नाही. नववर्षाच्या पहिल्या दिवशी नवा नियम लागू झाला आणि धाकट्याचं पद थोरलीकडे गेलं.

राजे कार्ल सोळावे गुस्ताव यांना हे रुचलं नव्हतं. एकदा मिळालेलं पद मुलाकडून काढून घेणं त्यांना खटकलं, आणि ते खटकत राहिलं. २०२३ मध्ये एका माहितीपटात त्यांनी ती खंत पुन्हा बोलून दाखवली, तेव्हा टीकेची झोड उठली आणि व्हिक्टोरियाचा आपल्याला अभिमानच आहे असा खुलासा त्यांना करावा लागला. एका राजाला आपल्याच घरात गादीवर कोण बसणार हे ठरवता येत नाही, आणि जे ठरलं त्याबद्दल नाराजी दाखवली तर लोकांना जाब द्यावा लागतो. राजेशाहीच्या वाटचालीत हा टप्पा कसा आला, हे पाहिलं की उद्याचे वारस तिचं काय करू शकतील याचाही अंदाज बांधता येतो.

गादी रक्तानं चालते, ही सगळ्यांत जुनी समजूत. पण नुसतं रक्त पुरत नाही. कुणाचं रक्त धरायचं आणि कुणाचं नाही, याचा नियम लागतो. हा नियम जागोजागी वेगळा होता आणि त्याचं कारण विचारायची सोय नव्हती. १८३७ मध्ये चौथा विल्यम वारला तेव्हा ब्रिटन आणि हॅनोवर या दोन गाद्या एकाच डोक्यावर होत्या. ब्रिटनची गादी पुतणी व्हिक्टोरियाला मिळाली. हॅनोवरमध्ये बाई चालत नव्हती, म्हणून ती गादी तिच्या काकाला, अर्नेस्ट ऑगस्टसला गेली. १८९० मध्ये हेच नेदरलँड्समध्ये घडलं. दहा वर्षांची विल्हेल्मिना तिथली राणी झाली, पण लक्झेंबर्ग तिच्या हातून निसटून नासाऊ घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे गेलं. स्पेनमध्ये तर या प्रश्नावर रक्त सांडलं. सातव्या फर्डिनंडनं १८३० मध्ये मुलींना गादी मोकळी करून दिली आणि १८३३ मध्ये तीन वर्षांचीही न झालेली इसाबेल राणी झाली. तिचा काका कार्लोस हक्क सोडेना, आणि देश यादवीत लोटला गेला.

या जुन्या समजुतीला पहिली चीर पडली ती संसदेमुळे. इंग्लंडच्या संसदेनं १७०१ मध्ये कायदा करून कॅथलिकांना गादीवरून बाद केलं आणि रक्तानं जवळच्या पन्नासहून अधिक जणांना ओलांडून हॅनोवरच्या सोफियाच्या वंशाला वारसा दिला. स्वीडननं तर कमाल केली. १८०९ मध्ये फिनलंड रशियाकडे गेलेलं, म्हातारा राजा तेरावा कार्ल निपुत्रिक, आणि निवडून आणलेला डॅनिश वारस १८१० च्या मे महिन्यात अचानक वारलेला. तेव्हा मॉर्नर नावाचा एक तरुण लेफ्टनंट पॅरिसला गेला आणि नेपोलियनचा सेनानी ज्याँ-बातिस्त बर्नादोत याला त्यानं कुणाचीही परवानगी न घेता गादी देऊ केली. परत आल्यावर सरकारनं त्याला नजरकैदेत टाकलं. पण कल्पना मात्र रुजली होती. २१ ऑगस्ट १८१० रोजी एरेब्रू गावी भरलेल्या संसदेनं दक्षिण फ्रान्समधल्या पो गावच्या एका वकिलाच्या या मुलाला एकमतानं वारस निवडलं. त्यानं पंथ बदलला, नाव बदललं, म्हाताऱ्या राजानं त्याला दत्तक घेतलं, आणि १८१८ मध्ये तो गादीवर बसला. स्वीडिश भाषा त्याला अखेरपर्यंत धड आली नाही. आजचं स्वीडनचं राजघराणं याच दत्तकाचं. ज्या संसदेनं हे घराणं गादीवर आणलं, तिनंच १९८० मध्ये त्याचा वारस बदलला, यात नवल ते काय?

मराठी माणसाला इथे साताऱ्याची आठवण यावी. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब यांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला. डलहौसीनं तो नामंजूर केला आणि साताऱ्याचं राज्य खालसा झालं. त्याच वर्षी स्टॉकहोमच्या गादीवर दत्तक बर्नादोतचा मुलगा पहिला ऑस्कर बसलेला होता आणि कुणाची हरकत नव्हती. डलहौसीची मालकीण, ब्रिटनची राणी व्हिक्टोरियाही १७०१ च्या संसदेनं निवडलेल्या वंशातली. युरोपात वारस निवडून आणायला, दत्तक घ्यायला वाव होता. हिंदुस्थानात मात्र पोटचा मुलगा नाही म्हणून राज्य गेलं. रक्ताचा नियम हा कुणाच्या तरी हातातलं हत्यार असतो, हे आपल्याकडे पुस्तक न वाचताही कळलं होतं.

पुढे लोकांनाच विचारण्याची पाळी आली. नॉर्वेनं १९०५ मध्ये स्वीडनशी असलेला संयोग मोडला आणि डेन्मार्कच्या राजपुत्र कार्लला बोलावलं. तो म्हणाला, आधी जनमत घ्या. ते त्याच्या बाजूनं लागलं तेव्हाच तो सातवा हॉकोन होऊन गेला. डेन्मार्कमध्ये नवव्या फ्रेडरिकला तीन मुलीच. नियमानुसार वारस होता त्याचा भाऊ क्नूड. १९५३ च्या जनमतानं घटना बदलली आणि तेरा वर्षांची मार्गारेट वारस झाली. एकूण मतदारांपैकी ४५ टक्क्यांचा होकार आवश्यक होता आणि तो उंबरठा जेमतेम ओलांडला गेला. ती मार्गारेट पुढे ५२ वर्षं राणी होती.

स्वीडननंतर रांगच लागली. नेदरलँड्स १९८३, नॉर्वे १९९०, बेल्जियम १९९१, डेन्मार्क २००९, लक्झेंबर्ग २०११, आणि २०१३ च्या कायद्यानं ब्रिटन. नॉर्वेनं स्वीडनसारखी घाई केली नाही. थोरली मार्था लुईस असताना वारशातला अग्रक्रम धाकट्या हॉकोनकडेच ठेवला आणि नव्या नियमाचा पूर्ण लाभ पुढच्या पिढीला दिला. आजचं चित्र समोर आहे. स्वीडनची व्हिक्टोरिया, नेदरलँड्सची अमालिया, बेल्जियमची एलिझाबेथ, स्पेनची लिओनोर या चौघी पुढच्या राण्या, आणि नॉर्वेची इंग्रिड अलेक्झांड्रा वडिलांच्या पाठोपाठ. मुलींना हक्क मिळाला तो मात्र गादीत सत्ता उरली नव्हती तेव्हा. स्वीडनच्या राजाला तर १९७५ पासून पंतप्रधान नेमण्याचा औपचारिक अधिकारही नाही. ते काम संसदेचा सभापती पाहतो.

या सुधारणांना समतेचा विजय म्हणून टाळ्या पडल्या. मला त्यात दुसरंच काही दिसतं. परंपरेचं बळ असं की तिला कारण द्यावं लागत नाही. थोरला मुलगा वारस का, तर तसंच चालत आलं म्हणून. ‘मुलगी का नको?’ या प्रश्नाला संसदेनं ‘खरंच, का नको’ असं उत्तर दिलं, त्या क्षणी गादी कारणांच्या प्रांतात आली. आणि कारणांच्या प्रांतात एका प्रश्नावर थांबता येत नाही. मुलगी चालते, तर मग थोरलीच का? धाकटी अधिक लायक असली तर? एकाच घरातली भावंडं समान, तर शेजारच्या घरातली का नाहीत? भावाबहिणीतला अन्याय दूर झाला, पण त्यासाठी वापरलेला तर्क राजवाड्याच्या कुंपणापाशी अडत नाही.

स्पेनच्या राजकारण्यांनी हे नेमकं ओळखलं आहे. १९७८ च्या घटनेचं ५७ वं कलम अजूनही मुलाला मुलीच्या पुढे ठेवतं. म्हणूनच दोन थोरल्या बहिणी असून फेलिपे राजे झाले. हे कलम असू नये यावर तिथे फारसा वाद नाही. पण ते बदलायचं तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं, मग संसद विसर्जित, निवडणूक, नव्या संसदेत पुन्हा दोनतृतीयांश, आणि शेवटी जनमत. त्या जनमतात लोक मुलींच्या हक्कावर मत देतील की राजेशाहीवरच, याची खात्री कुणालाच नाही. लिओनोरला भाऊ नाही, त्यामुळे कलमाला हात लावण्याची निकडही नाही. २०२३ मध्ये अठराव्या वाढदिवशी तिनं संसदेपुढे घटनेशी निष्ठेची शपथ घेतली, त्याच घटनेशी जिच्यात तिचं स्थान भाऊ नसण्यावर अवलंबून होतं.

जपाननं उलट वाट धरली आहे. १९४७ चा राजघराण्याचा कायदा फक्त पुरुष वंशातल्या पुरुषाला वारस मानतो, दत्तकाला मनाई करतो, आणि राजकन्येनं बाहेर लग्न केलं की तिला घराण्यातून बाहेर काढतो. इतिहासात आठ स्त्रिया तिथे सम्राज्ञी होऊन गेल्या, तरीही. पूर्वी हा नियम निभावला तो उपपत्नींच्या बळावर; तैशो सम्राटाची आईदेखील उपपत्नीच होती. ती प्रथा गेली, नियम राहिला. २००५ मध्ये सरकारी समितीनं पहिलं अपत्य वारस करावं असं सुचवलं होतं. पुढच्याच वर्षी राजपुत्र हिसाहितोचा जन्म झाला आणि विषय बासनात गेला. घराण्यात मुलगा जन्मायला ४१ वर्षं लागली होती. आता सम्राटांची मुलगी आइको लोकांची लाडकी, पण वारस नाही. सारी मदार हिसाहितोवर. इथे कुणी कारण सांगत नाही, म्हणून प्रश्नही पुढे सरकत नाही. किंमत एवढीच की वारसांची यादी तीन नावांवर आली आहे आणि त्यातलं एक नाव १९३५ साली जन्मलेल्या गृहस्थांचं आहे.

युरोपातल्या नव्या वारसांपाशी प्रश्न याच्याही पुढचा आहे: खुद्द त्यांची मर्जी. नेदरलँड्सच्या बिआट्रिक्स आणि बेल्जियमचे दुसरे आल्बर्ट २०१३ मध्ये, स्पेनचे हुआन कार्लोस २०१४ मध्ये, जपानचे अकिहितो २०१९ मध्ये, मार्गारेट २०२४ मध्ये आपणहून पायउतार झाले. राजेपण मरेपर्यंत, हा समज आता मोडला. मग निवृत्त होता येत असेल तर नकार का देता येऊ नये? अमालियानं अठरा वर्षं पूर्ण होताना, २०२१ मध्ये, वर्षाला सुमारे १६ लाख युरोचा तनखा नाकारला. शिक्षण चालू असताना, बदल्यात काही काम करत नसताना हे पैसे घेणं आपल्याला बरं वाटत नाही, असं तिनं पंतप्रधानांना कळवलं. काम नाही तर मोबदला नाही, ही नोकरदाराची भाषा आहे. वारसाच्या तोंडी ती आली म्हणजे पद वंशाचं असलं तरी ते कमवावं लागतं हे वारसानंच मान्य केलं.

त्याच वर्षी डच सरकारनं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. वारसानं समलिंगी जोडीदाराशी लग्न केलं तरी त्याला गादी सोडावी लागणार नाही. त्या जोडप्याची मुलं वारस होतील का, हे मात्र वेळ आल्यावर पाहू, असं म्हणून सरकारनं पुढे ढकललं. गंमत अशी की इथे रक्ताचा प्रश्न फिरून मूळपदावर येतो. मूल पोटचं नसलं तर ते वारस का नाही?

आपल्याकडच्या राजघराण्यांनी या प्रश्नाचं उत्तर कधीच देऊन ठेवलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. १९०६ मध्ये त्यानं राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. कागलचा यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू झाला. १९०२ मध्ये त्यानं मागासांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. मराठी राजांत ज्यांची नावं आज आदरानं घेतली जातात त्यांतले हे दोघं पोटचे नव्हते. वारस घडवावा लागतो, नुसता जन्मून भागत नाही, याचा याहून सबळ पुरावा शोधायची गरज नाही.

मात्र हाच पुरावा राजेशाहीच्या अंगावरही येतो. वारस घडवता येत असेल तर तो एकाच कुटुंबातून का निवडायचा? व्हिक्टोरिया, अमालिया, एलिझाबेथ गादीवर बसतील, खर्च कमी करतील, घराण्यातली कामकरी माणसं घटवतील, वय झालं की मुलांच्या हाती पद सोपवतील. राजेशाही मोडायला त्या निघणार नाहीत, आणि मोडण्याइतकी सत्ताही त्यांच्यापाशी नसेल. पण प्रत्येक सुधारणेबरोबर त्यांना एक नवं कारण द्यावं लागेल, आणि ते कारण ऐकणारा आता रयत राहिलेला नाही. तो मतदार आहे. जपानच्या गादीपुढे वारस संपण्याचं संकट आहे. युरोपच्या गाद्यांना वारस भरपूर मिळतील. त्यांच्यापुढे संकट येईल ते कारणं संपण्याचं.