विजयाचा दिवस आणि शिपायाचा दिवस

मे महिन्यात वसईच्या किल्ल्यात विजयोत्सव होतो. चिमाजी अप्पांच्या पुतळ्याला हार घालतात, पोर्तुगीजांविरुद्धच्या १७३९ च्या मोहिमेवर व्याख्याने होतात. मोहीम होतीच तशी जिवावरची. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल. तटाला सुरुंग लावायचे तर उत्तरेकडच्या वाळूतून, तोफांच्या माऱ्याखालूनच पुढे सरकावे लागे. मराठ्यांकडचे मृत आणि जखमी मिळून पाच हजारांच्या घरात गेले, असे इतिहासकार सांगतात. त्यातल्या सरदारांची नावे कागदपत्रांत सापडतात. सुरुंग पेरताना गाडल्या गेलेल्या शिपायांची बहुतेक नावे मात्र कुणी टिपलीच नाहीत. तेव्हा मान विजयाचा असे आणि विजयी सेनापतीचा. आपला उत्सवही अजून त्याच रीतीने चालतो.

वसईत हा दिवस सगळ्यांना सारखाच भिडत नाही, हेही मोकळेपणाने बोलले पाहिजे. त्याच किल्ल्यातल्या संत गोन्सालो गार्सियांच्या चर्चमध्ये ख्रिस्ती वसईकर पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. ते इथल्याच मातीतले. पोर्तुगीज गेले, ते राहिले. त्यांना परक्याच्या पराभवाशी बांधणे हा अन्याय आहे. खुद्द चिमाजी अप्पांनी तहात पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, वाजतगाजत बाहेर पडू दिले. शत्रूच्या शिपायालाही त्याची इज्जत होती, हे मला त्या विजयाइतकेच मोठे वाटते. उत्सवात त्याचा उल्लेख ठसठशीतपणे व्हायला हवा.

साध्या शिपायाचे नाव दगडावर यायला आणखी ऐंशीएक वर्षे गेली. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगाव भीमाला कंपनी सरकारने स्तंभ उभारला. हेतू स्वतःच्या सत्तेची द्वाही फिरवण्याचा, पण त्यावर ४९ नावे कोरली गेली आणि त्यांतली २२ महार शिपायांची होती. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि स्तंभाचा अर्थच पालटला. ज्यांना गावात पाण्यालाही शिवू देत नव्हते, त्यांच्या पराक्रमाची ती लेखी साक्ष ठरली. स्मारक उभारणाऱ्याच्या मनात काय होते यावर त्याचा अर्थ कायमचा ठरत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

पहिल्या महायुद्धाने मेलेल्यांची गणती गावागावांत पोचवली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत त्या युद्धात पडलेल्या ४६ जणांची आठवण आजही अभिमानाने जपली जाते. युरोपात ११ नोव्हेंबर हा तोफा थांबल्याचा दिवस शोकाचा झाला. अमेरिकेने मात्र १९५४ साली त्याच तारखेचे नाव बदलून ती सैन्यात सेवा केलेल्या सर्वांना दिली. मेलेल्यांसाठी मे महिन्यातला दिवस तिथे वेगळा आहेच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड २५ एप्रिलला गॅलिपोलीचे स्मरण करतात, आणि ती मोहीम तर फसलेली होती.

आपल्याकडे हे सगळे अर्थ कॅलेंडरवर शेजारी शेजारी बसले आहेत. १६ डिसेंबर १९७१ च्या विजयाचा, २६ जुलै कारगिलचा. १४ जानेवारीला पानिपतावर १७६१ सालच्या मराठी वीरांना मानवंदना दिली जाते, आणि हाच दिवस गेल्या काही वर्षांपासून माजी सैनिकांचाही झाला आहे, कारण फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले. संक्रांतीच्या तिळगुळात हा दुसरा अर्थ बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.

झेंडावंदनाला आलेल्या माणसांच्या छातीकडे नीट पाहा. स्वतः मिळवलेली पदके डाव्या बाजूला लावतात, गेलेल्या आप्ताची उजव्या बाजूला. वीरपत्नीच्या पदरावर पदके उजवीकडे असतात, शेजारच्या निवृत्त हवालदाराच्या कोटावर डावीकडे. आपण दोघांनाही एकच शाल, एकच श्रीफळ आणि एकच भाषण देतो. वीरपत्नीचा प्रश्न पेन्शनच्या कागदांचा आणि मुलांच्या फीचा असतो. हवालदाराला ऐन चाळिशीत दुसरी नोकरी शोधायची असते.

म्हणूनच सगळ्या दिवसांत मला ७ डिसेंबर मोलाचा वाटतो. १९४९ पासून चालत आलेला हा सशस्त्र सेना ध्वजदिन कोणत्याच लढाईचा नाही. लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन पट्ट्यांचा कागदी झेंडा शाळेत टाचणीने खिशाला लावत, तो आठवत असेल. त्यातून जमणारा पैसा शहिदांच्या कुटुंबांसाठी, जखमी जवानांसाठी आणि माजी सैनिकांच्या कल्याणासाठी वापरला जातो. बाकीचे दिवस आपल्याकडून टाळ्या मागतात, हा एकटा खिशात हात घालायला लावतो.

वसई-विरारच्या सोसायट्यांमध्ये आणि चाळींमध्ये निवृत्त जवान राहतात, शेजाऱ्यांना ठाऊकही नसते. येत्या मे महिन्यात विजयोत्सवाच्या मंचावर आधी त्यांना बसवा, मग पुढाऱ्यांना. आणि ७ डिसेंबरला ध्वजनिधीला आपला वाटा न विसरता द्या.