भक्ताची वहिवाट

देवावर भक्ताचा काही हक्क पोचतो काय, हा प्रश्न आपल्या संतांनी पुष्कळ वेळा, आणि तोही बहुधा भांडणाच्या सुरात, विचारलेला आहे. मला मात्र तो प्रथम भेटला मेलबर्न शहराच्या दक्षिणेस, आल्बर्ट पार्क तलावाच्या काठी असलेल्या लेक ओव्हल नावाच्या मैदानावर, आणि ज्या दैवतासंबंधी तो उपस्थित झाला ते दैवत म्हणजे साउथ मेलबर्न फुटबॉल क्लब हा कर्जबाजारी व १९३३ नंतर एकदाही अजिंक्यपद न लाभलेला संघ होता.

खेळ हाच ऑस्ट्रेलियन माणसाचा धर्म, असे एक चटकदार वाक्य तिकडे सर्वतोमुखी आहे. मला ते कधीच पटले नाही. धर्म परलोकाचे काही आश्वासन देतो, पापपुण्याची काही वाटणी करतो. फुटबॉलने यांपैकी काही केल्याचे माझ्या पाहण्यात नाही, फार तर पंचांना शिव्या देण्याचे पाप तो सरसहा माफ करतो. साम्य शोधावयाचेच तर ते एका अरुंद जागी सापडेल: फळावाचून निष्ठा किती काळ टिकते, आणि टिकलीच तर तिला आधार कशाचा असतो?

आशियाई माणसाला ऑस्ट्रेलियाचा दरवाजा नुकताच उघडला होता, त्या १९७०च्या दशकात माझे वडील नोकरीनिमित्त तेथे गेले आणि आम्ही साउथ मेलबर्नमधील एका गल्लीत भाड्याने राहू लागलो. संघ निवडण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. त्या काळी फुटबॉल लीगने शहराची परगण्यांप्रमाणे वाटणी केलेली होती; ज्या क्लबाच्या हद्दीत मुलगा राहतो त्याच क्लबाकडून त्याने खेळावे असा दंडक होता, आणि खेळाडूंना जो कायदा लागू, तोच प्रेक्षकांनी आपखुशीने स्वतःस लावून घेतला होता. आमच्या शेजारी गोदीत काम करणारे एक पन्नाशीचे गृहस्थ राहत. त्यांनी पहिल्याच हिवाळ्यात आपल्या मुलाची जुनी तांबडी-पांढरी जर्सी मला दिली, तिच्या पाठीवर १४ हा आकडा शिवलेला होता. तो आकडा बॉब स्किल्टन यांचा. १९५९, १९६३ आणि १९६८ अशा तीन वर्षी सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक मिळवूनही ज्यांच्या नशिबी अंतिम सामना एकदाही आला नाही, त्यांचा. अशा पुरुषाचा आकडा पाठीवर घेऊन बाळपण काढणाऱ्या मुलास निष्काम कर्माचा पाठ निराळा द्यावा लागत नाही.

शनिवारी दुपारी आम्ही कुंपणाशी उभे राहत असू. तलावावरून येणारा वारा अंगरख्याच्या आत शिरे, चिखलाने जड झालेला लंबगोल चेंडू प्रत्येक लाथेला निराळ्या दिशेने उसळे, आणि एकेका बाजूचे अठरा गडी त्याच्यामागे धावत. मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेने गेला तर गोल, म्हणजे सहा गुण, आणि उंच व ठेंगण्या खांबांच्या मधून गेला तर ‘बिहाइंड’, म्हणजे एक. तेथील पंच लांब पांढरा कोट व रुंद काठाची टोपी घालून उभा असे. चेंडू गेला की तो क्षणभर निश्चल राही, मग गोल असल्यास कोपरे अंगाशी धरून दोन्ही हातांची तर्जनी पुढे करी, आणि खांबाजवळची दोन निशाणे उचलून डोक्यावर एकमेकांना छेद देत फडकावी; पलीकडच्या टोकाचा पंच त्यास निशाणांनीच पोच देई, आणि मग दोघेही हातातील कार्डावर पेन्सिलीने नोंद करीत. कोणत्याही कचेरीत इतके निर्दोष दप्तर मी पाहिलेले नाही.

वडील एकदाच माझ्याबरोबर आले. साउथचा नेम त्या दिवशी सारखा चुकत होता, आणि पंच एकेक निशाण फडकावीत होता. “अण्णा, हे एकाच गुणाचं,” मी खजील होऊन सांगितले. “एक तरी आहे ना? केलेला प्रयत्न वाया जात नाही असं गीतेत म्हटलंय,” ते म्हणाले, “इथे तर त्याचा हिशेबसुद्धा ठेवतात.”

सायरन वाजला की आम्ही पोरे कुंपणावरून उड्या टाकून मैदानात शिरत असू, आणि जेथे पाच मिनिटांपूर्वी खेळाडू घसरून पडले होते त्याच चिखलात अंधार पडेपर्यंत चेंडू टोलवीत असू. कोणी हटकीत नसे. तो मुलूख आमचा आहे, याविषयी आम्हांला आणि पहारेकऱ्यालाही शंका नव्हती.

१९८२ साली हा संघ सिडनीला गेला. कर्ज फार झाले होते, लीगला नव्या शहरात बाजार हवा होता, मंजुरी मिळाली होती. सभासदांनी ‘साउथला साउथमध्येच ठेवा’ अशी चळवळ उभारली, सभा गाजवल्या, आणि शेवटी हरले. पुढे लवकरच संघाचे नावही सिडनीचे झाले. (१९९६ साली मेलबर्नच्याच फिट्झरॉय संघाची गत याहून वाईट झाली, त्यांचा क्लब ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला.) नाही म्हणावयास सिडनीतले सामने रविवारी होत व ते मेलबर्नमध्ये दूरचित्रवाणीवर दिसत, म्हणजे दैवताने क्षेत्र बदलले त्याबरोबर वारही बदलला.

आता तत्त्वज्ञाला विचाराल तर तो यात काही बिघडले असे म्हणणार नाही. रथ म्हणजे चाक नव्हे, आस नव्हे, जू नव्हे, या सर्वांना मिळून व्यवहारापुरते दिलेले ते एक नाव, असे बौद्ध भिक्षू नागसेनाने राजा मिलिंदास सांगितले होते. खेळाडू तर प्रतिवर्षी बदलतातच, पदाधिकारी बदलतात. मग मैदान बदलले एवढ्याने संघ दुसरा कसा झाला? लीगचे दप्तरही नागसेनाच्याच मताचे आहे. १९३३चे अजिंक्यपद आज सिडनीच्याच खात्यावर जमा आहे.

पण नागसेन भक्त नव्हता. भक्ताची साक्ष काढावयाची तर संत भानुदासांची काढावी. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने विठ्ठल आपल्या राजधानीस नेला, अशी आपल्याकडे कथा आहे. तेथे त्याची सेवा पंढरीपेक्षा थाटाची झाली असेल, मूर्ती तीच होती, तरीही भानुदास तिला परत आणतात तेव्हाच ती कथा पुरी होते. म्हणजे आमच्या परंपरेने देव आणि क्षेत्र यांची फारकत मानलेली नाही. शास्त्रात चल व अचल अशा दोन मूर्ती सांगितल्या आहेत खऱ्या, परंतु उत्सवमूर्ती पालखीतून मिरवून संध्याकाळी देवळात परतते, हा करार त्यात गृहीत आहे.

माझे स्वतःचे मत असे की भक्ताजवळ मालकी नसते, वहिवाट असते. कागद दुसऱ्याच्या नावे असताही पिढ्यान्‌पिढ्या पायाखाली पडलेल्या वाटेवर चालणाऱ्याचा हक्क उत्पन्न होतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही खेडुतास शिकवावे लागत नाही. अडचण एवढीच की वापर सुटला की वहिवाट बुडते. आणि वाटच उचलून सुमारे ९०० किलोमीटर दूर नेऊन ठेवली, तर तिच्यावर चालणे सोडणाऱ्याने हक्क गमावला म्हणावयाचे, की राखला?

आमच्या शेजारच्या घरात या वादाचे दोन्ही पक्ष एका छपराखाली नांदत होते. गृहस्थांनी १९८२ नंतर एकही सामना पाहिला नाही. रविवारी ते मागच्या अंगणात टोमॅटोच्या वाफ्यात काही ना काही खुरपीत बसत. त्यांची पत्नी मात्र दर रविवारी तांबडी-पांढरी लोकर विणीत सिडनीचा सामना पाही. नवऱ्याच्या निष्ठेला ती हट्ट म्हणे, आणि तिच्या निष्ठेला तो सोय म्हणे. २००५ साली, ७२ वर्षांनी, सिडनीने अंतिम सामन्यात वेस्ट कोस्टचा पराभव केला. बाईंनीच मला नंतर सांगितले की सायरन वाजल्यावर त्या रडत रडत मागच्या दारी गेल्या.

“किती गुणांनी?” नवऱ्याने मान वर न करता विचारले.

“चार.”

“नेम नीट असता तर बराच फरक पडला असता,” तो म्हणाला, आणि बिहाइंड किती झाले तेही विचारून घेतले.