नाकावरचे शिंग

लंडनच्या दक्षिण भागातील क्रिस्टल पॅलेस उद्यानात, तळ्याकाठी, १८५४ पासून विटा, लोखंड आणि सिमेंटचे प्रचंड प्राणी उभे आहेत. रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाने बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स या शिल्पकाराने ते घडविले. १८५३ च्या अखेरच्या रात्री तर इग्वानोडॉनच्या साच्यात मेज मांडून विद्वानांची मेजवानी झडली! त्या इग्वानोडॉनच्या नाकावर एक शिंग आहे. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधील बर्निसारच्या कोळशाच्या खाणीत सांगाडे सापडले आणि ते शिंग नसून अंगठ्याचे अणकुचीदार हाड असल्याचे स्पष्ट झाले.

शिंग मात्र अद्याप नाकावरच आहे. २००७ मध्ये या शिल्पांना वारसा-संरक्षणाची सर्वोच्च श्रेणी मिळाली. असत्य आहे हे कळूनही ते जपणे, ही सत्याशी प्रतारणा नव्हे काय?

जो स्वतः खरे मानून चुकीचे बोलतो तो खोटे बोलत नाही, असा विवेक संत ऑगस्टीन यांनी केला आहे. त्या काळी हाती होती ती मोजकी हाडे. त्यांवरून केलेला तो तर्क होता. आज शिंग काढून अंगठ्यावर बसविले, तर पूर्वजांना सारे ठाऊक होते असा देखावा उभा राहील. खोटेपणा झालाच तर तो आपला होईल.

इथवर माझे मन निःशंक असते. पण त्या शिंगाने कोणाला इजा झाली नाही. सगळ्याच चुका इतक्या निरुपद्रवी नसतात. बाप्तिस्म्याविना मरण पावलेली बालके 'लिंबो'त जातात, असे आपल्या ख्रिस्तसभेत शतकानुशतके शिकविले गेले. तो कधीच श्रद्धासिद्धान्त नव्हता, हे आम्ही सेमिनरीत शिकलो. मुलाला पुरणाऱ्या बापाला ते कोण सांगणार? आयर्लंडमध्ये विसाव्या शतकातही अशी अर्भके अभिषिक्त दफनभूमीबाहेर, 'किलीनी' म्हटल्या जाणाऱ्या जागी, बहुधा अंधारात, पुरली जात. खुणेला एखादा अक्षरहीन दगड. १९८३ च्या धर्मसंहितेने अशा बालकांच्या अंत्यविधीस वाट दिली. २००७ मध्येच आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम आधार असल्याचे मांडले.

लंडनच्या शिंगाशेजारी खुलाशाची पाटी पुरते. येथे ती पुरणार नाही. धर्मगुरूने त्या जागी जाऊन क्षमा मागावी, भूमीला आशीर्वाद द्यावा. दगड मात्र हलवू नयेत. कोणत्या दगडाखाली कोणाचे मूल आहे, हे अजून एखाद्या घराला ठाऊक असेल.