पहिलं पुस्तक कुणी सांगत नाही

मामा तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. भाची पुण्यात मोटारींच्या कंट्रोलरसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहिते. जवळच्या तंत्रनिकेतनातली पोरं संध्याकाळी वाचनालयात येऊन बसतात आणि सीचं पुस्तक मागतात. अनुदानाचा हप्ता आला आहे, पण मागण्या त्याहून जास्त आहेत. मामाला सी येत नाही आणि ते तो लपवतही नाही.

मामा : यादीत तीन नावं आहेत. कर्निहन आणि रिची यांचं 'द सी प्रोग्रामिंग लँग्वेज'. आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. आणि तिसरं गाइड, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून दिलेलं. पोरं तिसरं मागतात. तू सांग.

भाची : कर्निहन-रिची. यात विचारायचं काय? रिचीनं तर भाषाच घडवली. पहिली आवृत्ती १९७८ची, दुसरी १९८८ची, आणि अजून लोक तीच उघडतात. पावणेतीनशे पानांच्या आत सगळी भाषा.

मामा : तू त्याच्यावरच शिकलीस का?

भाची : नाही. मी कानेटकरांवर शिकले, आणि कॉलेजच्या नोट्सवर. कर्निहन-रिची नोकरीला लागल्यावर वाचलं.

मामा : म्हणजे तुझं दुसरं पुस्तक तू माझ्या पोरांना पहिलं म्हणून देतेस.

भाची : (हसून) सगळेच तसं करतात, मामा. कुणालाही विचार, तो सांगतो ते त्याला समज आल्यानंतर आवडलेलं पुस्तक असतं. हातात माती लागली ती पहिल्या पुस्तकामुळे, पण त्याचं नाव कोणी घेत नाही. ते जरा बाळबोध वाटायला लागलेलं असतं ना.

मामा : मग माझा पेच बघ. ज्याला येतं, त्याला न येणं कसं असतं ते आठवत नाही. आणि ज्याला येत नाही, त्याला पुस्तक पारखता येत नाही. प्लेटोच्या 'मेनो'मध्ये मेनो सॉक्रेटिसला हेच विचारतो : जे ठाऊकच नाही ते शोधायचं कसं, आणि सापडलं तर ओळखायचं कसं? मी इथं मेनो आहे आणि तू सॉक्रेटिससुद्धा नाहीस.

भाची : पण प्रोग्रामिंगचं एक बरं असतं. इतिहासाच्या पुस्तकात चूक असली तर पोरगं कुठं तपासणार? इथं समोर मशीन आहे. पुस्तकातला प्रोग्राम टाइप करायचा, चालवायचा. पुस्तक खोटं बोललं तर कंपायलर सांगेल.

मामा : मग काम सोपं झालं. कुठलंही पुस्तक घ्या, खरंखोटं मशीन करेल.

भाची : पायथॉन असतं तर मी हो म्हटलं असतं, निदान बऱ्यापैकी. सीमध्ये तिथंच गोची आहे. सी खोट्यालाही मान डोलावते. परीक्षेतला एक लाडका प्रश्न सांगते. आय नावाच्या चलाची किंमत पाच. मग एकाच ओळीत आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय करायचं आणि ते परत आयमध्ये ठेवायचं. उत्तर काय? गाइड सांगतं बारा किंवा तेरा, आणि टप्प्याटप्प्यानं 'कारण' देतं. पोरगं मशीनवर चालवतं. एखाद्या कंपायलरवर तोच आकडा येतो. झालं, पुस्तक खरं ठरलं.

मामा : आणि ते खरं नाही?

भाची : भाषेचं जे अधिकृत मानक आहे, १९८९ साली अमेरिकेत पहिल्यांदा ठरलेलं, ते म्हणतं की एकच चल एका विधानात असं दोनदा बदललंत तर आम्ही कसलीच हमी देत नाही. आज बारा येईल, कंपायलर बदललात की आणखी काही. याला उत्तरच नाही. आमच्या कामात असा कोड कोणी लिहिला तर तपासणीतच परत येतो. मोटारीतल्या सीसाठी मिस्रा नावाची नियमावली आहे, १९९८पासूनची. तिचा बराचसा भर याच गोष्टींवर आहे : चालतंय दिसलं तरी विसंबू नका.

मामा : म्हणजे इथं अनुभवही साक्षीदार म्हणून फुटलेला निघतो.

भाची : अगदी. 'करून बघा' हे शिक्षणाचं मोठं सूत्र आहे, आणि सी ते मोडते. पूर्णांक ठेवायच्या इंट या प्रकाराचंच घे. टर्बो सी या जुन्या कंपायलरवर इंट दोन बाइटचा, म्हणून जुनी पुस्तकं ठामपणे सांगतात, इंटमध्ये ३२,७६७च्या वर जाता येत नाही. आजच्या लॅपटॉपवर तो बहुधा चार बाइटचा असतो. मानक इतकंच म्हणतं की निदान तेवढं तरी मावलं पाहिजे. पोरगं म्हणणार पुस्तक खोटं, सर म्हणणार मशीन वेगळं. दोघंही एका अर्थी बरोबर.

मामा : बरं, मग मेनोनं काय करायचं? माझ्यासारख्यानं, सी न येता?

भाची : (जरा वेळानं) एक करता येईल. पुस्तकातल्या गोष्टी खऱ्या आहेत का, हे तुला कळणार नाही. पण पुस्तकाला स्वतःची हद्द ठाऊक आहे का, हे कळेल. ऑपरेटरांच्या प्रकरणाचा शेवट उघड. कर्निहन-रिचीमध्ये दुसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस अशीच ओळ दिली आहे, आणि सांगितलंय की निरनिराळे कंपायलर हिचा निरनिराळा अर्थ लावतील, तेव्हा असं लिहू नका. जे पुस्तक त्या जागी आकडा छापतं आणि जे तिथं बोट वर करून थांबवतं, त्यांतला फरक ओळखायला सी यावी लागत नाही.

(हा निकष मला पटला. भाषेच्या पुस्तकांपुरताच तो आहे असंही नाही, पण मामा तिथं थांबला नाही.)

मामा : छान. आता परीक्षेत तो आयचा प्रश्न आला आणि माझ्या पोरानं लिहिलं, 'याला उत्तर नाही'. गुण?

भाची : शून्य. तपासणाऱ्याच्या हातात आदर्श उत्तरपत्रिका असते.

मामा : वडील रोजंदारीवर जातात अशी पोरं येतात माझ्याकडे. डिप्लोमाचा वर्ग त्यांच्या नोकरीचा दरवाजा आहे. तुझं सत्य त्यांना दोन गुणांना पडतं. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. दुसरा म्हणतो, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. चौथा म्हणतो, वाचकाचा वेळ वाचवा. गाइड या दोन्ही नियमांत बसतं. तुझं पुस्तक वेळ खातं.

भाची : गाइड परीक्षेपर्यंतचा वेळ वाचवतं. नंतरची दोन वर्षं खातं. मी बघते ना, नवीन येतात ती मुलं. पॉइंटरची व्याख्या पाठ, आणि फंक्शनमधून लोकल ॲरेचा पत्ता परत पाठवतात. फंक्शन संपलं की ती जागा आपली राहत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणि तेही कधीकधी चालून जातं, तीच रडकथा.

मामा : पण त्यांना नोकरी लागली म्हणून तुला ती दिसली.

भाचीकडे याला उत्तर नव्हतं. तिनं दुसरी बाजू धरली.

भाची : इंग्रजीचं काय? पोरं मराठी माध्यमातली. कर्निहन-रिचीमध्ये शब्द कमी, पण प्रत्येक वाक्य ओझं उचलतं. एक निसटलं की पुढचं पान बंद. आणि त्यांनी पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतच सांगून टाकलंय की हे प्रोग्रामिंगचे प्राथमिक धडे नव्हेत. लूप, फंक्शन काय असतं ते वाचकाला थोडंफार माहीत आहे असं आम्ही धरलंय. ज्याला ते माहीत नाही त्याला कानेटकर बरे. तीच गोष्ट ते गप्पा मारल्यासारखी पुन्हा समजावतात. इंग्रजी कच्चं असलं की पुनरुक्ती हाच आधार असतो.

मामा : म्हणजे पहिल्या मिनिटाला जे ठामपणे सांगितलंस, ते आता तूच खोडलंस.

भाची : खोडलं नाही. दुसऱ्या नंबरवर टाकलं.

मामा : मग माझा हिशेब ऐक. गाइड मी घेणार नाही. खोटं आहे म्हणून नव्हे, तो निवाडा करणारा मी कोण? पोरं गाइड स्वतःच घेतात, परीक्षा झाली की पुढच्या वर्गाला अर्ध्या किमतीत विकतात. ज्याची बाजारात सोय आहे त्यासाठी वाचनालयाचा पैसा कशाला? कानेटकरांच्या दोन प्रती घेईन, पण नवी आवृत्ती. टर्बो सीच्या काळातली देणगीत आलेली एक पडून आहे, ती काढून टाकतो. आणि तुझं ते पातळ पुस्तक एक.

भाची : ते वर्षभर कोणी नेणार नाही.

मामा : ठाऊक आहे. दोन वर्षं न हललेलं पुस्तक समितीच्या बैठकीत माझ्या अंगावर येतं.

भाची : मग निदान वर चिठ्ठी लाव, 'नवशिक्यांसाठी नाही'.

मामा : मुळीच नाही. चिठ्ठी लावली की ज्याला पेलवलं असतं तोही हात लावणार नाही. दोन्हींचा वर्गांक एकच, ००५.१३३. इंग्रजी पुस्तकं मी इंग्रजी अक्षरांनी लावतो, म्हणजे के-ए-एन आधी, के-ई-आर नंतर. तुला हवा तोच क्रम आपोआप लागतो.

भाची : आणि मराठी वर्णक्रमानं लावलीस तर?

मामा : (मनात अक्षरं जुळवून) तर कर्निहन आधी. बरं झालं विचारलंस.

भाची : आणि एखाद्यानं सरळ दुसरंच उचललं तर?

मामा : नेऊ दे. आठवड्यानं परत आणेल, तेव्हा कुठल्या पानावर अडला ते विचारीन. पान लिहून ठेवतो, दिवाळीला आलीस की तू सांग.