कथेतून घडणारी हिंसा

हिंसा म्हटली की डोळ्यांपुढे शस्त्र उभे राहते. परंतु कायिक, वाचिक आणि मानसिक असा हिंसेचा त्रिविध विचार आपल्या मार्गातील अभ्यासकास अपरिचित नाही. त्यांपैकी वाचिक हिंसेचा विचार करताना आपण बहुधा कटु भाषण आणि परनिंदा एवढ्यावर थांबतो. कोणाचे नाव न घेता, कोणाविषयी मनात द्वेष नसताना, केवळ परंपरेने कानी आली म्हणून सांगितलेली कथा कोणाच्या वधास कारण होऊ शकते काय, आणि झाल्यास तिचा दोष सांगणाऱ्यास लागतो काय, हा प्रश्न मात्र सहसा चर्चेस येत नाही.

हा प्रश्न केवळ तर्काचा नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी तेथील आठवड्याच्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मरेपर्यंत मारले. मुले पळविणारी टोळी परिसरात आली आहे, एवढी एकच वार्ता त्या दिवसांत घरोघरी पोहोचली होती. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक असे तिघे अशाच अफवेच्या पायी जमावाच्या हातून प्राणास मुकले. अटन आणि भिक्षा हा ज्यांचा आचारधर्म आहे, अशा आपल्या साधुजनांनी या दोन्ही घटना परक्यांच्या म्हणून वाचू नयेत.

ही वार्ता भ्रमणध्वनीवरून पसरली, म्हणून सर्व दोष त्या यंत्रावर टाकण्याची रीत पडली आहे. हे निदान अपुरे आहे. यंत्राने वार्तेला वेग दिला. विश्वास दिला तो आधीपासून मनात असलेल्या कथेने. ‘रडू नकोस, नाहीतर गोसावी झोळीत घालून नेईल’, हे वाक्य महाराष्ट्रातील किती घरांत बोलले गेले असेल, याची गणती कोण करील? बोलणाऱ्या मातेच्या मनात हिंसा नसते. तिला मूल निजवावयाचे असते. परंतु त्या बालकाच्या चित्तात तीन गोष्टी एकत्र बांधल्या जातात : अनोळखी मनुष्य, खांद्यावरची झोळी आणि मुलाची चोरी. ती गाठ पुढे मोठेपणीही सुटत नाही. बाजारात झोळीवाला दिसला आणि त्याच आठवड्यात वार्ता कानी आली, की प्रौढ मनुष्यही पुरावा विचारीत नाही. पुरावा त्याला वयाच्या तिसऱ्या वर्षीच मिळालेला असतो!

पूर्वी या भयाला एक उतारा होता. वासुदेव, पिंगळा, नंदीबैलवाला, डवर वाजवीत येणारा गोसावी या प्रत्येकाचा वेष, वाद्य आणि येण्याचा हंगाम गावाला ठाऊक असे. हा कोणाचा कोण, कोणत्या घरी थांबतो, कोणते गाणे म्हणतो, हे वृद्ध माणसे सांगू शकत. म्हणजे भयाच्या कथेशेजारी परिचयाची कथाही नांदत होती. परिचय आटला आणि भय तेवढे उरले. राईनपाड्यासारख्या ठिकाणी तर भिक्षेकऱ्यांची बोली आणि बाजारकऱ्यांची बोलीही एक नव्हे. शेकडो मैलांवरून, सोलापूरच्या बाजूने आलेला मनुष्य आपली ओळख पटविणार तरी कशी?

कथा अर्धी कापली की ती कशी विषारी होते, याचेही एक उदाहरण त्याच वर्षी घडले. पाकिस्तानातील कराची शहरात एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना सावध करण्यासाठी एक चित्रफीत तयार केली होती. तीत दुचाकीवरून आलेली माणसे खेळणारे मूल उचलतात आणि लगेच परत आणून सोडतात. मूल पळविणे किती सोपे आहे, असा बोध शेवटी फलकावर दाखविला जातो. भारतात ही फीत शेवट कापून फिरली. बोध गेला, चोरी राहिली. ज्या शास्त्रात प्रकरण सोडून वचन घेणे दोषास्पद मानले जाते, त्याच्या अभ्यासकाला यातील अनर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

भटक्यांविषयीची ही कथा घरापुरती राहिली असती, तरी अनर्थ मर्यादित झाला असता. परंतु ती राज्यकर्त्यांनी उचलली. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या वृत्तांतांतून, आणि १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेडोज टेलरच्या ठगावरील कादंबरीतून, साधूच्या किंवा प्रवाशाच्या वेषात हिंडणारा मारेकरी वाचकांच्या मनात ठसला. गुन्हे घडत होते, हे कोणी नाकारीत नाही. पण गुन्हेगाराच्या कथेतून गुन्हेगार जातीची कल्पना निघाली, हा भयंकर उलटफेर होय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच मनुष्याला संशयित ठरविले. पोलिसांकडे नोंद, हजेरी, परवानगीवाचून गाव सोडण्यास मनाई. सोलापूरला तर या लोकांसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे समाज कायद्याच्या बंधनातून मुक्त झाले. लोकांच्या बोलण्यातून मात्र झाले नाहीत. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने ज्यांनी वाचली आहेत, त्यांना याहून अधिक सांगावयास नको. आणि येथे एक विदारक गोष्ट नमूद केली पाहिजे. राईनपाडा हा आदिवासी वस्तीचा मुलूख. याच खानदेशातील भिल्लांना इंग्रजी दप्तराने लुटारू म्हणून रंगविले होते. एका कथेने पोळलेले लोक दुसऱ्या कथेच्या हाती शस्त्र होतात.

आपलाही इतिहास येथे साक्षीला उभा आहे. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण आजही कोशांत सापडते, आणि ‘मानभावीपणा’ हा शब्द ढोंगी गोडवा या अर्थाने चांगले लेखकही सहज वापरतात. आपल्या ग्रंथांची सांकेतिक लिपी, साधूंची काळी वस्त्रे, यांभोवती तर्क रचले गेले. पैठणच्या कृष्णभट्टाची कपोलकल्पित कथा पंथाच्या उगमाशी जोडण्यात आली आणि ती इंग्रजी अमदानीतील जातिवर्णनपर ग्रंथांतही शिरली. या कथेच्या काही पाठांत त्या कृष्णभट्टाचा संबंध एका मांग स्त्रीशी लावलेला आहे. आपल्या विद्वानांनी ही कथा खोटी ठरविली, ते योग्यच झाले. तथापि एक प्रश्न विचारावासा वाटतो. मांग स्त्रीचा उल्लेख हे दूषण कसे झाले? श्रोत्याच्या मनात मातंग समाजाविषयी तिरस्कार आधीच भरलेला नसता, तर त्या कथेला धारच आली नसती. आपल्यावरील निंदा दुसऱ्या कोणावरील निंदेच्या खांद्यावर उभी होती. ‘असा संबंध नव्हता’ एवढेच उत्तर देऊन थांबणारा मनुष्य आपली निंदा खोडतो आणि त्यांची तशीच ठेवतो. श्रीगोविंदप्रभूंचा संचार ऋद्धिपुरात अंत्यजांच्या घरीदारी अनिर्बंध होता, हे स्मरणाऱ्यांना इतके अर्धे उत्तर शोभत नाही.

आता दोषाचा विचार. कोणी म्हणेल, मारले जमावाने. मग कथा सांगणारा दोषी कसा? आणखी कोणी म्हणेल, ज्याचे त्याचे कर्म. हे दुसरे उत्तर ऐकून खेद होतो. मरणाऱ्याचे कर्म कोणते, हे जाणण्याचा अधिकार जीवाला नाही. आणि असता तरी त्यामुळे मारणाऱ्याचा दोष उणा होत नाही. पहिल्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. सांगणारा आणि मारणारा यांचा दोष समान नव्हे. न जाणता सांगितलेल्या बोलाचा आणि जाणून सांगितलेल्या बोलाचाही समान नव्हे. परंतु राईनपाड्यानंतर, गडचिंचल्यानंतर, न जाणण्याची सबब आपणापैकी कोणाजवळ शिल्लक राहिली आहे, असे मला वाटत नाही.

सर्वज्ञांच्या मांडीखाली ससा आश्रयास आला, ती लीळा सर्वांना पाठ आहे. तिच्यातील एका तपशिलाकडे फारसे लक्ष जात नाही. शिकारी दुष्ट नव्हते. त्यांच्या दृष्टीने तो ससा पैजेचा होता. म्हणजे त्या प्राण्याला त्यांनी आधीच एक नाव दिले होते आणि त्या नावातच त्याचे मरण ठरलेले होते. स्वामींनी त्यांना धिक्कारून घालविले नाही. त्यांच्याशी बोलून ससा शरणागत ठरविला आणि ते ससा सोडून गेले. १ जुलै २०१८ च्याच रात्री मालेगावात जमावाने घेरलेल्या पाच जणांना, ज्यांत एक लहान मूल होते, पोलिसांनी वाचविले. म्हणजे त्या रात्रीही हे अशक्य नव्हते.

ही लीळा निरूपणात सांगताना आपण सहज ‘पारधी’ म्हणतो. शब्द जुना आहे, अर्थ शिकारी एवढाच. परंतु १८७१ च्या त्या कायद्याखाली ज्या समाजाच्या पिढ्या पिचल्या, त्याचेही नाव हेच आहे, आणि त्या समाजातील मुले आज शाळेत हीच कथा ऐकतात. निरूपणकाराने ‘शिकारी’ म्हटले तर लीळेतील एक अक्षरही उणे होत नाही. ग्रंथाच्या पाठाला हात लावावा, असे माझे म्हणणे नाही. बोलणे वेगळे, पाठ वेगळा.

वासनिकांच्या घरी पूर्वी एक प्रघात होता आणि काही ठिकाणी तो आजही आहे. साधू भिक्षेस दारी आला की घरातील सर्वांत लहान मुलास पुढे करावयाचे आणि त्याच्या हाताने भिक्षा घालवावयाची. मूल पायरीवर उभे राहून झोळीत डोकावते. आत चार घरचे अन्न एकत्र झालेले असते, दुसरे काही नसते.