गाईचे लक्षण

न्यायशास्त्रात लक्षण शिकवताना उदाहरण देतात ते गाईचे. जिला सास्ना, म्हणजे गळ्याखालची लोंबती पोळी, ती गाय. दूध हे लक्षण नव्हे. पाठशाळेत आम्ही हे घोकले. उमजले मात्र म्हातारपणी, गोठ्यात.

आमच्या अलिबाग-मुरुडकडची गाय अंगाने लहान. वशिंड, सैल कातडी, आखूड केस. घाम गाळून अंग निववते, सुक्या गवतावर उन्हाळा काढते. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने २०१८ साली तिची 'कोकण कपिला' म्हणून नोंद केली. दूध थोडे, मोल तिच्या खोंडांचे. भातखाचराचा चिखल तेच तुडवीत.

पॉवर टिलर आला नि बैल रिकामा झाला. खोटे कशाला बोलावे? आम्हीही आपला थकला बैल एका वर्षी मोकळा सोडला आणि कार्तिकीला निघालो. त्याच आषाढीत माउलींच्या रथाच्या बैलांपुढे डोके ठेवले होते! तिथे देव दिसला, इथे नुसता खर्च. परतलो तो हा आपल्या दाव्यापाशी उभा. काम सरले म्हणून त्याची पोळी गळाली नव्हती.

२०२४ साली सरकारने देशी गाईस 'राज्यमाता' म्हटले. पण आई काय कमावते तोवरच आई?

कोणी म्हणेल, "बुवा, पेंढा कुठला आणू?" प्रश्न खरा आहे. एकट्याला जड जाते, म्हणून तर दिंडी असते. घरटी एक भारा पेंढा दिंडीने गोळा करावा, गावातल्या थकल्या जनावरांना घालावा. तेही भजनच. रामकृष्णहरि!